मानेखालचा माणूस

बारामतीच्या भिगवण चौकात रस्ता ओलांडायला तो थांबला होता. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत सावकाश वळत होता आणि मागं दुचाक्यांचे हॉर्न चालू होते. दुसरी ट्रॉली पुढं सरकली, तेव्हा समोरच्या खांबांमध्ये बुद्धभूषणला स्वतःचा चेहरा दिसला. चांगला पुरुषभर उंचीचा फ्लेक्स होता. चेहऱ्याखाली लष्करी गणवेश, डोक्यावर तिरकी टोपी, उजवा हात सॅल्यूटसाठी कपाळाशी. त्यानं आधी वरचा शब्द वाचला. ‘भावपूर्ण’ आहे की ‘हार्दिक’, एवढंच त्याला पाहायचं होतं. ‘हार्दिक’ होतं. मग त्यानं बाकीचं वाचलं. कळंबचे सुपुत्र, आमचे लाडके भाचे, यांची भारतीय सैन्यदलात अग्निवीर म्हणून निवड झाल्याबद्दल अभिनंदन. वरच्या एका कोपऱ्यात बुद्ध, दुसऱ्यात बाबासाहेब. खाली शुभेच्छुक सिद्धूमामा, गॉगल लावून, हात जोडून, भाच्यापेक्षा थोडा मोठाच. चहाच्या गाड्यावरचा माणूस एकदा फ्लेक्सकडं आणि एकदा त्याच्याकडं बघत होता. "आवो मेजर!" तो ओरडला. "हिकडं या की. आज तुमचा चहा आपल्याकडनं." दोन-तीन माणसं वळली. एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. बुद्धभूषणला चहा नको होता, पण नको म्हणायला कारण सापडेना. तो गाड्यापाशी गेला आणि उभ्या उभ्या चहा प्यायला. फार गोड होता. समोरचा तो सॅल्यूट मारतच होता.

निकाल आदल्या संध्याकाळी लागला होता. भरती अकॅडमीच्या पत्र्याच्या खोलीत सगळी पोरं मोबाईलवर वाकलेली, कुणी ओरडलं, कुणी गादीवर पालथा पडला. त्यानं घरी फोन लावला आणि म्हणाला, "आई, नाव आलं." त्याच्या पुढचं वाक्य त्यानं दिवसभर तयार ठेवलं होतं. ‘पण मी अजून ठरवलं न्हाय.’ साधंच वाक्य होतं, त्यात कुणाचा अपमान नव्हता. पण तिकडं आई ओरडली, फोन पप्पांच्या हातात गेला, पप्पा कंपनीतून नुकतेच आले होते, ते नुसतं "व्हय? व्हय का?" एवढंच म्हणत राहिले, मग फोन शेजारच्या काकूंकडं गेला, मग तो बंद झाला. आईनं तसाच बारामतीला मामाला लावला असणार. वाक्य त्याच्याजवळच राहिलं. रात्री आडवं पडल्यावर त्याला वाटलं, सकाळी सांगू. सकाळ होईपर्यंत मामानं फ्लेक्स बांधलेला होता. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि आज शनिवार.

त्याला जायचं नव्हतं, असंही नव्हतं. हेच कुणाला सांगता आलं नसतं. बारावी झाल्यावर जो भेटेल तो विचारायचा, आता काय? लग्नाच्या पंगतीत, एसटीत, न्हाव्याच्या खुर्चीत मान वाकवलेली असताना. तो काहीतरी पुटपुटायचा आणि विचारणारा आणखी जवळ यायचा. एकदा वस्तीतला विकी शेजारी उभा होता, विकी भरतीची तयारी करत होता, म्हणून तोही बोलून गेला, "भरती करतोय." पुढचा प्रश्न आलाच नाही. विचारणाऱ्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, "वा, वा," म्हणून तो निघून गेला. बुद्धभूषणला त्या दिवशी फार हलकं वाटलं. मग हे उत्तर तो सगळीकडं देऊ लागला, आणि उत्तर दिलंय म्हणून पहाटे पळू लागला. नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं, अंधारात, पुढं विकीची पाठ, कालव्याच्या पाण्याचा गार वास, सरांची शिट्टी. पळताना डोक्यात काही नसायचं. ते त्याला आवडायचं, आणि त्यालाच तो आवड समजला. विकीचं तसं नव्हतं. विकी झोपेतसुद्धा सावधान-विश्राम करायचा, त्यानं मोबाईलवर रायफलचा फोटो लावला होता, कळंबच्या पोरी आपल्याला मेजर म्हणणार हे त्यानं आठवीतच ठरवून टाकलं होतं. भरतीच्या मैदानावर शेवटच्या फेरीला विकी पुढं होता. बुद्धभूषणनं काही ठरवलं नाही. पाय गेले. विकीच्या शेजारून जाताना त्याला विकीचा श्वास ऐकू आला, फाटलेल्या कापडासारखा, आणि थांबावं असं वाटूनही पाय थांबले नाहीत. विकी पळण्यात पास झाला, पण पुढं छाती फुगवायला लावल्यावर टेपवाल्या माणसानं मान हलवली. विकी पुन्हा फुगवत राहिला, गळ्याच्या शिरा वर आल्या, शेवटी तो माणूसच म्हणाला, बस बेटा, बस.

चहाचा ग्लास ठेवून तो फ्लेक्सखाली गेला. खालच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव बारीक अक्षरात होतं. ते दुकान त्याला माहीत होतं, कॉलेजातली पायल तिथं कॉम्प्युटरवर बसायची. तिनं बारावीनंतर कुणाला काही विचारू दिलं नव्हतं, थेट जाऊन खुर्चीवर बसली होती. दुकानात शाईचा वास भरला होता आणि मशीनमधून कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स पट्टीपट्टीनं बाहेर येत होता.

"आला का भाऊसाहेब," पायल वर न बघता म्हणाली. "पेढे कुठायत?"

"हा फोटो कुठला लावलास?"

"तुझ्या मामानं पाठवला व्हॉट्सॲपवर. कुणाच्या तरी हळदीतला. तुझ्या गालाला हळद होती, ती काढत बसले मी. वर लाईटीच्या माळा. मामा म्हणतो, जरा तडफदार कर. हळदीतल्या माणसाला तडफदार कसा करू, सांग?"

"बाकीचं कुणाचं हाय?"

"कुठलं बाकीचं?"

"मानेखालचं."

ती हसली. "ती बॉडी आहे. सगळ्यांना तीच लावतो आम्ही. तू काय स्पेशल आहेस का?" तिनं एक फाईल उघडली. पडद्यावर तो गणवेश उभा राहिला, टोपी, हात, छाती, पट्टा. टोपीच्या आणि कॉलरच्या मधे चेहरा नव्हता, तिथं पांढऱ्या-करड्या चौकटी दिसत होत्या. "फक्त तोंड बदलायचं. तुझा रंग थोडा उजळ केला हां, हाताला जुळत नव्हता. राग नको मानू."

तो पडद्याजवळ गेला. उजव्या मनगटाला काळा दोरा होता. करंगळी किंचित वाकडी होती, कधीतरी मोडून बसल्यासारखी. छातीवर रंगीत फितींची एक छोटी ओळ होती.

"हा कोण?"

"ऋषिराजदादा. भवानीनगरकडचा. तो गाडी दरीत जाऊन वारला बघ, आपण अकरावीत होतो. त्याच्या घरच्यांनी श्रद्धांजलीसाठी फोटो दिला होता, पेनड्राईव्हवर, कॅमेऱ्यानं काढलेला. एवढा क्लिअर फोटो कुणी देत नाही. मोबाईलचे सगळे मोठे केले की फाटतात." मग तिला त्याचा चेहरा दिसला असावा. "काय झालं? अरे, सगळेच असं करतात. त्याच्या घरच्यांना काय कळतंय? मुंडकं तर नाही ना वापरत आपण त्याचं."

त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाच नीट कळेना. काढून टाक, असं म्हणायला तो आला होता बहुतेक. "माझं तोंड काढता येतं का त्याच्यावरनं?" त्यानं विचारलं.

"येतं की. पण मग कुणाचं लावू?" पायल म्हणाली. "एक काम कर. गेलास की वर्दीतला चांगला फोटो काढ. कॅमेऱ्यानं, मोबाईलनं नाही. मला पाठव. ही बॉडी आता फार वापरून झाली, लोक ओळखायला लागलेत."

भवानीनगरच्या पुढं कळंबची एसटी उसाच्या गाड्यांमागं अडकली. खिडकीतून मळीचा आंबूस वास येत होता. बुद्धभूषण रस्त्याकडच्या बाजूला बसला होता आणि बसू नये असं वाटूनही बसून राहिला. एका फाट्यावर फ्लेक्स होता, ऊन खाऊन निळसर झालेला, त्यावरचा मुलगा त्याला अनोळखी होता, मनगट ओळखीचं होतं. पुढं जंक्शन गावात पानटपरीच्या डोक्यावर आणखी एक होता, खालचा कोपरा सुटून फडफडत होता, चेहरा जाडसर, मिशी फुटलेली, आणि तीच वाकडी करंगळी. कुणीतरी एकच माणूस रस्त्याच्या कडेनं उभा राहून तोंडं बदलत होता. त्या माणसाला त्यानं आधीही पाहिलं होतं. अकरावीत असताना कॉलेजची सगळी पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी केली होती, प्रत्येकाच्या हातात झेंडूच्या पाकळ्या दिल्या होत्या, गाडी येणार येणार म्हणत ऊन डोक्यावर आलं होतं. शेवटी फुलांनी भरलेला ट्रक आला. पुढच्या काचेच्या वर हाच फोटो होता, अख्खा, स्वतःच्या तोंडासकट. तोंड कसं होतं ते आता आठवेना. त्यानं खूप प्रयत्न केला. आठवत होतं ते एवढंच, की त्याला जोराची लघवी लागली होती आणि घोषणा देताना पोटावर ताण येत होता, म्हणून तो नुसते ओठ हलवत होता. पाकळ्या हाताच्या घामानं चिकटल्या होत्या. त्यानं फेकल्या तेव्हा त्या ट्रकपर्यंत गेल्याच नाहीत, पायापाशी पडल्या. शेजारी विकी रडत होता. विकीनं त्याच दिवशी सांगितलं होतं, आपण जायचं. ‘आपण’ म्हणाला होता. बुद्धभूषणनं मान हलवली होती, कारण रडणाऱ्या माणसाला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. एसटी हलली. घशाशी चहाचा गोडवा परत वर आला. त्याला वाटलं, आपण एकदाही खोटं बोललो नाही, कुणाला फसवलं नाही, फक्त दर वेळी कुणीतरी समोर होतं.

कळंबला उतरला तेव्हा वस्तीच्या तोंडाशी दुसरा फ्लेक्स बांधणं चालू होतं. मामा खाली उभा राहून सूचना देत होता आणि विकी बांबूवर चढला होता. विकीनं दातात सुतळी धरली होती. ती काढून तो वरूनच ओरडला, "आले, आले! मेजर आले! भुश्या, तुज्यापरीस फोटूच बरा दिसतोय रं!" सगळे हसले. आई धावत आली, तिनं त्याच्या गालावरून दोन्ही हात फिरवले, मग वर फ्लेक्सकडं बघितलं, आणि तिचे हात थांबले.

"ह्यो दोरा कधी बांधलास?"

"कसला दोरा?" मामा म्हणाला.

"हातात बघ की. काळा दोरा हाय." आईचा आवाज खाली आला. "आरं, आपल्यात चालतो का दोरा? तिकडं अकॅडमीत कुणी बांधला का तुला? दाव हात."

त्यानं हात पुढं केला. मनगट मोकळं होतं. आईनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. चार बायका जमल्या. एक काकू म्हणाली, बाबासाहेबांच्या फोटूखाली दोरा म्हंजे लोकं थुकतील तोंडावर. मामा चिडला. "दुकानदाराची चूक हाय, माझी न्हाय. बारामतीतबी तसाच लागलाय, आता काय करू? वर चढून खोडू का?" कुणीतरी सुचवलं, निळ्या चिकटपट्टीनं झाका. कुणी म्हणालं, मग हाताला लागल्यासारखं दिसंल. विकी बांबूवरून म्हणाला, "लागू दे की, लढाईत लागलंय म्हनू." पुन्हा हशा. सगळे वर बघत बोलत होते. तो खाली, त्यांच्या मधोमध, हात पुढं केलेल्या अवस्थेत उभा होता. "आई," तो म्हणाला, "मला बोलायचं हाय." "थांब रं," आई म्हणाली, "आधी हे निस्तरू दे. दादा, पट्टीच लाव. पन नीट लाव." तिच्या चेहऱ्यावर खरी भीती होती, तिच्या जन्मात कुणी त्या घराकडं बोट दाखवलं नव्हतं आणि आज अख्खा तालुका बघणार होता. ती भीती त्याला स्वतःच्या भीतीपेक्षा जास्त खरी वाटली. आईच्या भीतीला नाव तरी होतं.

आबा विहाराच्या पायरीवर बसले होते. भानुदास आबा, त्याचे आजोबा. महार रेजिमेंटमधून निवृत्त होऊन ते घरी आले तेव्हा त्याचे पप्पाच लहान होते. एक जानेवारीला पदकं लावून कोरेगावला जायचे तेव्हाच ते ताठ दिसायचे, एरवी गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले असायचे. तो शेजारी बसला. समोर विकी चिकटपट्टी दातानं तोडत होता.

"त्या फितीतली पैली फीत वळखलीस का?" आबा म्हणाले. "उंचावरची हाय. बर्फात ऱ्हायल्याबिगार न्हाय मिळत. तुज्या छातीवर कशी आली?"

"त्यो मी न्हाय आबा. दुसऱ्याचं शरीर हाय. मेला त्यो."

आबांनी बराच वेळ फ्लेक्सकडं पाहिलं. आश्चर्य वाटल्यासारखं काही दिसलं नाही. बुद्धभूषणला वाटलं, आता. "आबा, मी जायचं ठरवलं न्हाय," तो म्हणाला. आवाज स्वच्छ आला. त्यालाच नवल वाटलं. वाक्य एकदाचं बाहेर पडलं होतं, आणि काही कोसळलं नाही. पलीकडं कोंबडी उकिरडा उकरत होती.

"ऐकलं मी," आबा म्हणाले. "मला कुणी इचारलं न्हवतं. मीबी कुणाला इचारलं न्हवतं. पोटाला न्हवतं, गेलो. तुजं तसं न्हाय. तुज्या बापानं पोटाला कमी पडू दिलं न्हाय." त्यांनी हात उचलून त्याच्या मानेवर ठेवला, मागून, कॉलरच्या जरा वर. हात खरखरीत आणि जड होता. "न्हाय जायचं तर नको जाऊस. मी सांगतो समद्यांना. त्यो फ्लेक्स मी सोता उतरवायला लावतो. तुजा मामा काय बोलतो ते बघतो मी. पन मला एक सांग. मंग काय करनार हायस?"

हे तर सगळेच विचारायचे. पण आबा विचारून थांबले. ते जवळ सरकले नाहीत, त्याच्या तोंडून काय येतंय याचा त्यांनी अंदाज बांधला नाही, नुसते थांबले, मानेवरचा हात तसाच ठेवून. बुद्धभूषण आत शोधू लागला. त्यानं कॉलेजच्या वर्गातला बाक डोळ्यांपुढं आणला, त्यावर स्वतःचं तोंड ठेवून पाहिलं. लोणी देवकरला पप्पांच्या कंपनीचा निळा शर्ट आणला, त्याच्या कॉलरवर ठेवून पाहिलं. दुकान, रिक्षा, मोबाईल दुरुस्तीचं टेबल, पुण्यातल्या भाड्याच्या खोलीतली कॉट. सगळीकडं तोंड बसत होतं, कुठंच जोड दिसत नव्हता, आणि कुठंच तो नव्हता. सोपं काहीतरी बोलता आलं असतं. शिकणार हाय, एवढं पुरलं असतं. आबांनी ते धरलं असतं आणि उठून फ्लेक्स उतरवला असता. पण ज्या माणसानं पहिल्यांदा खरंच विचारलं त्याला तसलंच एक उत्तर द्यायचं, ‘भरती करतोय’सारखं, हे त्याला जमेना. त्याला रडू यावं असं वाटत होतं. रडू आलं असतं तर आबांनी ते उत्तर मानलं असतं. डोळे कोरडेच राहिले.

"सांग की," आबा हळू म्हणाले. "एक कायतरी सांग. मंग मी हाय."

रस्त्यावरून हॉर्न वाजला. मामानं उघडी जीप आणली होती, पुढं निळे झेंडे, मागं स्पीकर. विकी निळ्या गुलालाची पिशवी घेऊन पळत आला, त्यानं आधी आबांच्या पायाला हात लावला आणि मग बुद्धभूषणच्या डोक्यावर मूठभर गुलाल घातला. गुलाल डोळ्यांत गेला. "चल रं मेजर, समदे थांबलेत." विकीनं त्याला दंडाला धरून उठवलं. मानेवरचा हात लगेच निघाला नाही. बुद्धभूषण उभा राहिला तसा तो पाठीवरून घसरत खाली आला, शर्टाला क्षणभर अडकला आणि सुटला. त्यानं वळून पाहिलं. आबा अजून वाटच बघत होते. त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं, ते मिरवणुकीकडं बघत नव्हते, त्याच्याकडंच बघत होते. त्यानं तोंड उघडलं. जिभेवर गुलालाची कोरडी पूड होती.

जीपमध्ये विकी त्याच्या शेजारी, एका हातानं त्याला धरून उभा राहिला. आवाजानं पत्रा थरथरत होता. आई खाली, हात वर करून काहीतरी म्हणत होती, पप्पा बाजूला उभे राहून सारखे डोळे पुसत होते. वर, फ्लेक्सवर, मनगटाला निळी पट्टी लागली होती, आणि कुणी म्हणालं होतं तसंच दिसत होतं, हाताला लागल्यासारखं. विकीनं त्याच्या कानाशी तोंड आणलं. पट्टी लावताना त्यानंही ती बॉडी ओळखली असणार. "पायलला सांग," तो ओरडला, "पुढच्या भरतीला माजं तोंड लावायला त्यीच बॉडी ठिव म्हनावं. छाती तर त्यीच लागनार हाय मला!" आणि तो मनापासून हसला. त्याच्या श्वासाचा आवाज मैदानावरच्यासारखाच होता. बुद्धभूषणला त्याला सांगायचं होतं की छाती देता आली असती तर मी आत्ता देऊन टाकली असती, पाय पण, सगळं, आणि मग काय उरलं असतं ते बघितलं असतं.

मामानं बारामतीहून फोटोग्राफर आणला होता. मोठा कॅमेरा होता त्याच्याकडं, गळ्यात अडकवलेला. तो जीपच्या पुढं उलटा चालत होता. "मेजर, सॅल्यूट!" तो ओरडला, आणि गर्दीनं ते उचललं, सॅल्यूट, सॅल्यूट. हात वर गेला. बोटं जुळली, कोपर बाजूला आलं, छाती पुढं झाली, अकॅडमीत शिकवलं होतं तसं. संध्याकाळचं ऊन थेट तोंडावर होतं, डोळ्यांत गुलाल चुरचुरत होता, पाणी गालावरून ओठांपर्यंत आलं. तोंड वाकडं झालं, त्याला ते सरळ करता येईना. "तोंडाचं राहू द्या," फोटोग्राफर म्हणाला, "ते नंतर बघता येतं. फक्त हलू नका." त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. जीप खड्ड्यातून गेली, विकी धडपडला, झेंडे हलले. मानेखालचा माणूस अजिबात हलला नाही.